रात्रीची मुंबई आणि कॅमेरा: गाईडबरोबर स्ट्रीट फोटोग्राफी शिकायची तर कुठून सुरुवात, कशानंतर काय

रात्रीच्या फोटोवॉकवरून परतलेल्या बहुतेकांच्या कार्डात तेच ते असतं: हललेली माणसं, पांढरीफटक पडलेली दुकानांची पाटी आणि गाईडची पाठ. दोष कॅमेऱ्याचा क्वचितच असतो. चुकतो तो क्रम. लोक गाईडला पैसे देतात आणि पहिला तास त्याच्याकडून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) कुठे बदलायचा ते शिकतात. ते काम घरी, फुकटात होतं. गाईडला गल्ली ठाऊक असते, गल्लीतली माणसं ठाऊक असतात आणि कुठे कॅमेरा काढायचा नाही हेही ठाऊक असतं. त्याचा वेळ त्यासाठीच वापरायचा.

खालचा क्रम दक्षिण मुंबईतल्या एका ठरलेल्या पट्ट्यासाठी दिला आहे: सीएसएमटी, क्रॉफर्ड मार्केट, मोहम्मद अली रोड आणि मिनारा मशिदीची गल्ली. सगळं चालत होतं आणि दर दहा मिनिटांनी उजेडाची जात बदलते. शिकायला यापेक्षा बरा पट्टा मला तरी सुचत नाही. मरीन ड्राइव्ह दिसायला सुंदर असला तरी तिथे स्ट्रीट फोटोग्राफी शिकता येत नाही. सूर्य गेला की तिथे उजेड एकाच तऱ्हेचा आणि माणसं पाठमोरी बसलेली.

१. दिवस आणि वेळ आधी पक्की करा

सोमवार ते शनिवारमधला दिवस घ्या. रविवारी फोर्ट आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासची बरीच दुकानं बंद असतात. दुकान बंद म्हणजे दिवा बंद, आणि या पट्ट्यात निम्मा उजेड दुकानांचाच आहे.

रमजानमध्ये पहिल्यांदा जाऊ नका. त्या महिन्यात मिनारा मशिदीच्या परिसरात जे फोटो मिळतात ते वर्षभरात मिळत नाहीत हे खरं, पण तिथे तेव्हा कोपर उचलायला जागा नसते. नवशिक्याला सावकाश उभं राहता येईल अशी जागा हवी. तिथले चार चेहरे ओळखीचे झाले की रमजानमध्ये खुशाल जा.

सूर्यास्ताची वेळ बघा. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातनंतर. आकाश निळं आणि दिवे पिवळे अशी जी वेळ सगळ्यांना हवी असते ती सूर्यास्तानंतर साधारण पंधरा मिनिटांनी सुरू होते आणि जेमतेम वीस मिनिटं टिकते. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश रेंगाळत नाही. युरोपातले व्हिडिओ बघून तासाभराचा हिशेब करणारे इथे फसतात.

म्हणजे गाईडला भेटायची वेळ सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीची. "रात्रीची फोटोग्राफी" म्हणून नऊला भेटणं ही सर्वात जास्त आढळणारी चूक. नऊपर्यंत क्रॉफर्ड मार्केटच्या आतला बाजार आटोपलेला असतो आणि आकाश काळंकुट्ट झालेलं असतं.

२. गाईड निवडताना विचारायचे प्रश्न

परवानाधारक टुरिस्ट गाईड आणि फोटोवॉक नेणारा माणूस ही दोन वेगळी कामं आहेत. पहिला तुम्हाला सीएसएमटीची इमारत १८८८ साली पूर्ण झाली हे सांगेल, वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हेही सांगेल. तुम्हाला हवा आहे तो त्या इमारतीसमोरच्या गर्दीत कुठल्या खांबाला टेकून उभं राहायचं हे सांगणारा.

फोनवर एवढं विचारा:

- काम नसतानाही या गल्लीत येता का? तिथे ओळखीचे कोण आहेत? उत्तर "सगळेच ओळखतात" असं आलं तर सावध व्हा. "फिरनीवाले चाचा, पानवाला, हातगाडी ओढणारे दोघं" असं आलं तर माणूस बरोबर आहे.
- एका जागी पाऊणतास थांबलो तर चालेल का? ज्याला रात्रीत दहा "स्पॉट" उरकायचे असतात तो इथे कुरकुर करतो.
- किती जण असतील? चारपेक्षा जास्त असतील तर नाही म्हणा. कॅमेरे घेतलेली दहा माणसं गल्लीत शिरली की गल्ली फोटो काढून घ्यायला लागते, आपलं काम थांबवते.
- तुमचे रात्रीचे फोटो दाखवता का, एडिट न केलेले? इथे फोटोच्या दर्जाकडे बघू नका. माणसं कॅमेऱ्याकडे कशी बघतायत ते बघा. सगळे पाठमोरे आणि लांबून काढलेले असतील तर त्याची गल्लीत ओळख नाही.

पैसे, वेळ, चहा-खाण्याचा खर्च आणि टॅक्सी कोणाकडे, हे आधी बोलून घ्या. काळ्यापिवळ्या टॅक्सीला मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत मीटरवर पाव पट जादा लागतात, ते धरून चाला.

आणखी एक गोष्ट ठरवा: खूण. गाईडने डोक्याला हात लावला की कॅमेरा खाली, प्रश्न नंतर. गल्लीत मोठ्याने "अहो, इथे काढू नका" असं ओरडण्यापेक्षा हे बरं.

३. घरी करायची तयारी

ही पायरी गाळणाऱ्यांमुळेच मुळात हा लेख लिहावा लागतोय. दोन संध्याकाळी आपल्याच नाक्यावर, किराणा दुकानासमोर उभं राहून हे सगळं हाताला बसवा.

*कॅमेऱ्यात बंद करायच्या गोष्टी.* फोकसचा मदत-दिवा बंद. अंधारात तो लाल किंवा केशरी झोत थेट माणसाच्या तोंडावर पडतो आणि सगळा खेळ खलास. बीप बंद. फ्लॅश बंद. स्क्रीनची चमक कमी. ही शेवटची गोष्ट कोणी करत नाही आणि म्हणूनच घरी आल्यावर फोटो काळे निघतात: अंधारात उजळ स्क्रीनवर कमी उजेडाचा फोटोही छान दिसतो. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला काळोख-उजेड दाखवणारा आलेख, बघा.

*रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेली सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये, काढा.* पांढऱ्या दुकानी ट्यूबलाइट, पिवळे बल्ब, हिरव्या-जांभळ्या एलईडी माळा, सगळं एकाच चौकटीत येणार आहे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्याच्या रंगाशी केलेली जुळवणी, ऑटोवर ठेवला तर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो आणि नंतर जुळवताना डोकं फिरतं. ४००० केल्विनच्या आसपास ठेवून द्या आणि विसरून जा.

*शटर आणि दिव्यांचं लुकलुकणं.* आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/२५० (सेकंदाचा अडीचशेवा भाग) ठेवलं की एक फोटो उजळ, पुढचा काळपट, तिसऱ्यात आडवे पट्टे. १/१०० किंवा १/५० वर हा त्रास जवळजवळ जातो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर सुरू करा. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावणाऱ्यांना पट्टे सर्वात जास्त मिळतात. मुंबईच्या रस्त्यावर शटरचा आवाज कोणालाही ऐकू येत नाही. मेकॅनिकल वापरा.

*सुरुवातीचे आकडे.* हे पाठ करून जा, तिथे बदलता येतील (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं):

- दुकानाच्या उजेडात उभा माणूस: एफ/२.८, १/२५०, आयएसओ १६००. पट्टे आले तर १/१०० आणि आयएसओ ८००.
- नुसत्या रस्त्यावरच्या दिव्याखाली: एफ/२, १/१२५, आयएसओ ३२००.
- किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) असेल आणि एफ/३.५ च्या खाली जात नसेल: १/१२५, आयएसओ ६४००. दाणे येतील. येऊ द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

*फोकस.* अंधारात ऑटोफोकस पुढेमागे शोधत बसतो. फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर २८ मिमी लेन्स एफ/४ ला तीन मीटरवर फोकस करून ठेवली तर साधारण दोन ते साडेपाच मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ३५ मिमी एफ/२.८ ला हीच पट्टी अडीच ते पावणेचार मीटर इतकी अरुंद होते, तेव्हा अंतराचा अंदाज पक्का हवा. घरी जमिनीवर तीन मीटरवर खडूने रेघ मारा आणि किती पावलं होतात ते मोजा.

*मोबाइलवाल्यांसाठी.* नाइट मोड बंद. तो सेकंदभर किंवा जास्त वेळ अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतो, त्यामुळे इमारत झकास आणि माणसं भुतासारखी. प्रो मोडमध्ये शटर १/१०० ठेवा, मुख्य लेन्सच वापरा, झूमच्या लेन्सला अंधारात कमी उजेड मिळतो. आणि लेन्स पुसा. खिशातला तेलकट डाग दिवसा दिसत नाही, रात्री प्रत्येक दिव्याला त्यामुळे शेपूट फुटतं.

> निघण्यापूर्वी तपासा: डोळे मिटून आयएसओ, शटर आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा काळपट करायची सोय) बदलता येतंय का? येत नसेल तर गाईडची तारीख पुढे ढकला.

४. पिशवीत काय, अंगावर काय

एक बॉडी, एक लेन्स. दोन लेन्स नेल्या की रात्रभर आपण चुकीचीच लावली आहे असं वाटत राहतं. जादा बॅटरी, रिकामं केलेलं कार्ड, मायक्रोफायबर कापड. ट्रायपॉड नको. तो उघडला की तुम्ही पोलिसांच्या आणि सुरक्षारक्षकांच्या नजरेत भरता, शिवाय फुटपाथ अडतो. बंद बूट घाला, चपला नकोत. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या बाजूला पायाखाली काय येईल याची हमी नाही.

पावसाळ्यात एक वेगळी काळजी लागते. एसी टॅक्सीतून उतरलात की थंड लेन्सवर दमट हवा बसते आणि काच धुरकट होते. ती पुसली तर पुन्हा येते. उतरण्यापूर्वी कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या. नाहीतर सरळ लोकलने या, खिडकीतल्या वाऱ्याने कॅमेरा आपोआप शहराच्या तापमानाला येतो. बाकी पावसाची भीती धरू नका. ओला डांबरी रस्ता प्रत्येक दुकानाचा दिवा दुप्पट करून देतो.

> सावध: फलाटावर आणि स्टेशनच्या आवारात मोठा कॅमेरा बाहेर काढलात की रेल्वे पोलीस हटकतात, आणि त्यांचं बरोबर असतं. तिथल्या व्यावसायिक छायाचित्रणाला परवानगी लागते. सीएसएमटीचे फोटो बाहेरून, रस्त्यावरून काढा. तसंच फोर्टमध्ये लायन गेटच्या बाजूला नौदलाची गोदी आहे, तिकडे कॅमेरा वळवूही नका. ससून डॉकवर पहाटेचा मासळीबाजार बघायला जायचं असेल तर तिथेही फोटोंवर बंधनं आहेत. गाईड "चालतं हो" म्हणाला तरी परवानगीशिवाय नको.

५. पहिला थांबा: सीएसएमटीसमोर, निळ्या वेळेत

पालिका मुख्यालयाच्या बाजूने स्टेशनकडे तोंड करून उभे राहा. सेल्फी पॉइंटवर गर्दी करू नका. तिथून मिळणारा फोटो हजारोंकडे आहे आणि त्यात रस्ता नसतो, फक्त इमारत असते. रस्त्याच्या पातळीवर, सिग्नलच्या जवळ थांबा.

पहिली दहा मिनिटं कॅमेरा पिशवीत. गाईडला बोलू द्या: सिग्नल किती वेळ लाल असतो, सबवेतून माणसांचा लोंढा कुठून वर येतो, बेस्टची बस कुठे वळते. बसचा अंगभर उजळलेला काचेचा डबा वळताना तुमच्यासमोरची माणसं एका क्षणासाठी बाजूने उजळतात. तो क्षण दर काही मिनिटांनी येतो. एकदा लक्षात आला की त्याची वाट बघत उभं राहायचं.

इथली अडचण इमारतीच्या रोषणाईची. रंगीत एलईडी असले, विशेषतः लाल किंवा निळे, तर साधा हिस्टोग्राम ठीक दिसतो पण त्या एका रंगाची वाहिनी फुटलेली, म्हणजे उजेड जास्त होऊन तपशील गेलेली, असते. दगडाचं नक्षीकाम जाऊन लाल डाग उरतो. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम बघा आणि एक्स्पोजर उणे एक, गरज पडली तर त्याहून खाली न्या. सावल्या रॉमधून वर आणता येतात, फुटलेला रंग परत येत नाही.

> तपासा: वीस मिनिटांनी शेवटचे दहा फोटो मोठे करून बघा. चेहरे हललेत का? हललेत तर शटरचा वेग वाढवा आणि आयएसओ जाऊ द्या वर. हे आत्ताच सुधारा, पुढच्या थांब्यावर उजेड अजून कमी आहे.

६. दुसरा थांबा: क्रॉफर्ड मार्केट ते जेजे उड्डाणपूल, एकच दिवा

स्टेशनपासून क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई, दहा मिनिटांवर आहे. चालताना फोटो काढत बसू नका. चालता चालता काढलेले रात्रीचे फोटो फक्त संख्या वाढवतात.

इथला सराव एकच आणि कंटाळवाणा आहे. बाजार आवरत आलेला असतो, हमाल शेवटच्या पाट्या उचलत असतात, दुकानदार शटर अर्धं ओढून हिशेब करत असतो. गाईडला सांगा, एक असा दिवा दाखव ज्याच्याखालून लोक जातायत आणि ज्याच्यामागे अंधार आहे. त्या दिव्यापासून तीन मीटरवर, उजेडाच्या बाहेर उभे राहा. दिवा चौकटीत येऊ देऊ नका, त्याचा फक्त जमिनीवर पडलेला गोल येऊ द्या. एक्स्पोजर त्या गोलात हात धरून ठरवा. मग थांबा.

आधी दिवा, मग पार्श्वभूमी, मग माणूस. नवशिके उलटं करतात: रंजक माणूस दिसला की त्याच्यामागे अंधारात धावतात आणि धुरकट फोटो घेऊन येतात. दिव्याखाली उभं राहिलात तर माणसं चालत येतात. डोक्यावर पाटी असलेला हमाल उजेडात शिरतो तेव्हा पाटीची सावली त्याच्या तोंडावर पडते. म्हणून तो दिव्याच्या बरोबर खाली असताना शटर दाबू नका. दिवा ओलांडायच्या पाऊल-दोन पाऊल आधी, उजेड तिरका असताना दाबा, तेव्हा डोळे दिसतात. हे एकदा जमलं की पाटी, टोपी, छत्री, सगळ्यांना तोच नियम.

अर्धा तास तरी इथेच. गाईड अस्वस्थ झाला तर त्याला चहा पाजा.

पुढे मोहम्मद अली रोडवर डोक्यावरून जेजे उड्डाणपूल जातो. वर दुचाकींना बंदी असल्यामुळे सगळ्या स्कुटरी खालून, हातगाड्याही खालूनच. इथे पॅनिंग करून बघा: शटर १/१५, आयएसओ ४००, गाडीच्या वेगाने कमरेतून वळा आणि वळता वळताच बटण दाबा, दाबल्यावरही वळणं थांबवू नका. मागे दुकानांच्या रांगा असल्याने रंगांचे पट्टे छान येतात. स्कुटरपेक्षा हातगाडीवर सुरुवात करा, ती संथ असते आणि ओढणाऱ्याचं शरीर झुकलेलं असतं. बहुतेक फोटो वाया जातील. पंधरा मिनिटांत उरकून पुढे चला, इथे फार रमू नका.

> सावध: पॅनिंगच्या नादात मागे सरकत रस्त्यात जाल. पाठीला पुलाचा खांब लागलेला हवा.

७. तिसरा थांबा: मिनारा मशिदीची गल्ली, माणसांशी बोलून

इथे पोहोचेपर्यंत आठ-साडेआठ होतील. गाईडचं खरं काम आता सुरू होतं आणि नेमकं इथेच लोक त्याला विसरून पुढे पळतात.

गल्लीत शिरल्यावर आधी खा. सुलेमान उस्मान मिठाईवाल्यांकडे मातीच्या वाटीतली फिरनी घ्या, कुठेतरी उभं राहून मालपुवा खा. खाणारा माणूस गिऱ्हाईक असतो, न खाणारा कॅमेरावाला. गाईड ज्याच्याशी गप्पा मारतोय त्याच्याशी तुम्हीही बोला. कॅमेरा खांद्याला दिसत असू दे, लपवू नका. लपवलेला कॅमेरा एकदम बाहेर आला की माणूस दचकतो.

मग विचारा. मुंबईत यासाठी पल्लेदार वाक्य लागत नाही. कॅमेरा थोडा उचलून "चाचा, एक फोटो निकालूं क्या?" एवढं पुरे. दादरला फुलवालीला "मावशी, काढू का एक?" तसंच. मान हलली की काढा, हात हलला की हसून पुढे जा. पहिला फोटो पोज दिलेलाच येतो, ताठ आणि कॅमेऱ्याकडे बघणारा. तो दाखवा, शुक्रिया म्हणा आणि तिथेच उभे राहा. दोन मिनिटांत माणूस पुन्हा आपल्या कामाला लागतो. आता परवानगीही आहे आणि फोटोही खरा आहे.

मालपुव्याच्या कढईपाशी थोडं जास्त थांबा, इथे उजेड शिकवतो. कढईवर बल्ब लोंबतो, तेलाचा धूर वर जातो. समोरून, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बाजूने बघितलं तर धूर राखाडी आणि निर्जीव दिसतो. गाईडमार्फत विचारून बाजूला, जमल्यास बल्ब धुरामागे येईल असे सरका. धूर एकदम सोनेरी होतो, तळणाऱ्याच्या दंडाच्या कडेने उजेडाची रेघ येते. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर मात्र बल्बमुळे घाबरतो आणि सगळं काळं करतो. म्हणून मॅन्युअलवर जा: एक्स्पोजर माणसाच्या गालावरून ठरवा आणि बल्ब फुटला तर फुटू द्या. झारा वर येतो, मालपुवा निथळतो आणि तळणारा क्षणभर थांबतो. शटर तेव्हा. हात खाली जात असताना नाही. तेलापासून दोन हात लांब उभे राहा आणि त्याच्या कामाच्या वाटेत येऊ नका.

काय काढायचं नाही ते गाईडवर सोडू नका, आधीच मनाशी ठरवून जा. फुटपाथवर झोपलेली माणसं नाहीत. लहान मुलं पालकांना विचारल्याशिवाय नाहीत. नमाजला जाणाऱ्यांच्या तोंडावर कॅमेरा नाही. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत, विचारायलाही गाईडच्या ओळखीची बाई असेल तरच. कामाठीपुऱ्याची वेश्यावस्ती जवळ आहे म्हणून "तिकडेही चक्कर मारू" असं म्हणणारा गाईड असेल तर त्याचे पैसे देऊन घरी जा. त्या वस्तीत कॅमेरा घेऊन जाणं हा त्या बायकांच्या जिवाशी खेळ आहे, त्याला फोटोग्राफी म्हणू नका.

कोणी चिडलं तर वाद घालू नका. "सार्वजनिक जागा आहे, मला हक्क आहे" हे वाक्य मुंबईत कुठल्याच गल्लीत कामाचं नाही. फोटो दाखवा, त्याच्यासमोर खोडा, माफी मागा. गाईडला बोलू द्या. पोलिसांनी हटकलं तर ओळखपत्र दाखवा आणि काय करताय ते सरळ सांगा.

> तपासा: या थांब्यावर काढलेल्या फोटोंपैकी किती जणांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे? एकाचंही नसेल तर अजून अर्धा तास थांबा, कॅमेरा न काढता.

८. परतीची वाट

शेवटच्या लोकल मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सुटतात, मग पहाटे चारपर्यंत शांतता. हे आधी बघून ठेवा. "अजून एक गल्ली" करत लोकल चुकली की उरलेली रात्र फोटोंची राहत नाही, टॅक्सी शोधण्याची होते. मशिदीपासून सॅण्डहर्स्ट रोड आणि मस्जिद ही स्टेशनं जवळ, पण रात्री उशिरा त्या बाजूच्या गोदामांच्या गल्ल्यांतून एकट्याने चालू नका. गाईडने स्टेशनच्या तोंडापर्यंत सोडायचं, हे पैसे ठरवतानाच बोललेलं असावं. कॅमेरा पिशवीत, कार्ड खिशात. अडचण आली तर ११२, गाडीत असाल तर रेल्वेचा १३९.

एकट्या जाणाऱ्या मैत्रिणींना एक सांगणं: गाईडचा नंबर, नाव आणि ठरलेला मार्ग घरी देऊन ठेवा आणि पहिल्यांदा भेटायचं ते सीएसएमटीसारख्या गजबजलेल्या जागी, त्याच्या गाडीत नाही.

९. दुसऱ्या दिवशी

त्याच रात्री फोटो निवडू नका, सगळेच आवडतात. दुसऱ्या दिवशी आधी हललेले काढून टाका, मग ज्यात उजेड चेहऱ्यावर नाही ते. उरतील ते बघा. जुन्या सोडियम दिव्याखाली काढलेले असतील तर रंग परत मिळवायची खटपट करू नका. त्या दिव्यात जवळजवळ एकच पिवळा रंग असतो, तो काढला की मागे काहीच उरत नाही. सरळ कृष्णधवल करा.

राहिलेल्यांतले पाच-सहा गाईडला पाठवा आणि नेमकं विचारा: या माणसाचं काम मला दिसलं का? "फोटो कसे आलेत" असं विचारलंत तर "मस्त" एवढंच उत्तर येईल.

ज्यांनी फोटो काढू दिला त्यांच्या प्रिंट काढा, साध्या पोस्टकार्डच्या आकाराच्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो हरवतो, प्रिंट दुकानातल्या गल्ल्याच्या काचेखाली जाते. पुढच्या वेळी त्या घेऊन जा, गाईडशिवाय गेलात तरी चालेल.

त्या पुढच्या वेळीही तीच गल्ली, तोच दिवा. पट्टा बदलायची घाई नको. तिसऱ्या-चौथ्या खेपेला दादरच्या फुलबाजाराकडे वळा: पश्चिमेला स्टेशनलगत, पहाटे चारच्या सुमारास. झेंडूच्या गोण्या उतरतात, दसऱ्याआधी तर पाय ठेवायला जागा नसते, आणि स्टेशनबाहेर फुटपाथवर पेपरवाले पुरवण्या घालत बसलेले असतात. तिथे उजेड वरून लोंबणाऱ्या बल्बचा आणि वर उजाडणाऱ्या आकाशाचा, दोन्ही एकदम. सीएसएमटीला संध्याकाळी जे वीस मिनिटांत करायचं होतं तेच इथे उलट्या दिशेने घडतं: आधी अंधार, मग निळं, मग दिवे फिके. तेव्हा दिव्याखालचा सराव साडेचारला उरका आणि निळ्या वेळेसाठी बाजारालगतच्या पुलाच्या बाजूला, आकाश दिसेल अशा जागी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोहोचा.